डॅशबोर्डमधला खण

१८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये स्टिरिओसाठी जो खण सोडलेला असतो, त्याचं हे माप. ते आधी जर्मनीच्या मानक संस्थेने ठरवलं आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्या जर्मन संस्थेच्या नावाची आद्याक्षरं जोडली की ‘डिन’ हा शब्द तयार होतो. चंद्रपुरात कुठल्याही ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या दुकानात गाडी लावा, तो पहिला प्रश्न हाच विचारतो: “सिंगल डिन आहे का डबल, भाऊ?” डबल म्हणजे तीच रुंदी, पण उंची दुप्पट. हा शब्द जर्मनीतून आला हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही. खण ठरलेल्या मापाचा आहे, म्हणून त्यातलं एक यंत्र काढून दुसरं बसवता येतं. त्याचं दुकान चालतं ते या एका सोयीवर.

गाडीसोबत आलेला कंपनीचा स्टिरिओ काढायचा आणि त्याजागी आपल्या मोबाइलला, पेनड्राइव्हला किंवा प्लेअरला जोडता येईल असा बसवायचा, हे काम पुण्या-मुंबईत हौसेचं समजलं जातं. मोठा आवाज, निळे दिवे, डिकीत ॲम्प्लिफायर वगैरे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रस्त्यांवर त्याचा इतिहास जरा वेगळा आहे. गाडीत जे यंत्र येतं, ते बनवणाऱ्याने श्रोत्याबद्दल काहीतरी गृहीत धरलेलं असतं. रेडिओ असेल तर जवळ स्टेशन आहे असं. ऑनलाइन गाणी असतील तर नेटवर्क आहे असं. आमच्याकडे ही गृहीतकं वारंवार चुकत आली. त्यामुळे इथे स्टिरिओ बदलणं ही बहुतेक वेळा गरजेची दुरुस्ती होती.

हवेतून येणारं गाणं

गाडीतलं संगीत सुरू झालं ते रेडिओने. अमेरिकेत १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिलं. पुढे हातातल्या फोनवर जे नाव आपण वाचलं, ते मुळात गाडीच्या रेडिओचं. तेव्हा रेडिओ गाडीसोबत येत नसे. तो वेगळा विकत घ्यायचा आणि कारागिराकडून बसवून घ्यायचा.

भारतात ही पद्धत फार काळ टिकली. ॲम्बेसेडर, पद्मिनी, नंतरची मारुती ८००, यांच्या साध्या मॉडेलमध्ये बरीच वर्षं स्टिरिओ नसायचा. खण असायचा आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर रेडिओ ठेवायलाही परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. आज फोनवर फुकट गाणी ऐकणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. त्याचं प्रक्षेपण मध्यम लहरींवर, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत ‘मीडियम वेव्ह’वर होई. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात आणि रात्री आकाशातल्या वरच्या थरांवरून परतून आणखी दूर पोचतात. जंगल आणि डोंगर त्यांना फारसे अडवत नाहीत. १९८८ मध्ये आकाशवाणीची रात्री चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला आलापल्लीच्या जंगलातही ऐकू येईल असं ते तंत्र होतं. आवाज खरखरीत असे, पण सोबत असे.

मग एफएम आलं. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण लहर साधारण सरळ रेषेत जाणारी. मध्ये डोंगर आला की संपली. चंद्रपुरात आकाशवाणीचं एफएम लागतं. मूल, सावली ओलांडून वैनगंगेच्या पुलाकडे गाडी निघाली की आवाज विरत जातो. देशात खासगी एफएम २००१ पासून आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या २३४ नव्या शहरांमध्ये खासगी वाहिन्यांना मंजुरी दिली, त्या यादीत चंद्रपूरचं नाव आलं. मधल्या तेवीस वर्षांत या जिल्ह्यात विकल्या गेलेल्या किती गाड्यांच्या स्टिरिओवर ‘एफएम’ हे बटण असेल याची कल्पना करा. जिल्हा ओलांडला की ते बटण नुसतं शोभेचं.

कॅसेट: पहिल्यांदा निवड हातात आली

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये दाखवली. भारतात तिचा खरा सुकाळ झाला १९८०च्या दशकात. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत अभ्यासकाने या काळावर ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक लिहिलं, ते १९९३ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ध्वनिमुद्रिकांचा धंदा एका मोठ्या कंपनीच्या हातात होता. कॅसेट स्वस्त निघाली आणि छोट्या छोट्या गावांतले उत्पादक उभे राहिले. त्यामुळे ज्या भाषा आणि जे गाणारे मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसत नव्हते, त्यांना बाजार मिळाला.

चंद्रपुरात याचा अर्थ सांगायला पुस्तकाची गरज नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात आणि त्या दोन दिवसांत रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनात भीमगीतं असतात. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली. ही गाणी रेडिओवर कधी लागतील याची वाट बघत बसण्यासारखी परिस्थिती नव्हती. ती कॅसेटवर मिळत, म्हणून गाडीत वाजत.

माझे काका तेव्हा चंद्रपूर–मूल–गडचिरोली या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. त्या जीपला डॅशबोर्ड म्हणजे नुसता पत्रा. खण वगैरे काही नाही. कॅसेट प्लेअर पत्र्याच्या खाली लोखंडी पट्ट्यांवर टांगलेला आणि मागच्या बाकाखाली दोन लाकडी पेट्यांत स्पीकर. एसटीत गाणी नसत, काळी-पिवळीत असत, आणि कुठली लावायची यावर प्रवासी बोलू शकत. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की मागणी बदलायची. धान कापून झालेलं असे, हातात चार पैसे असत आणि वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग करत फिरत. आजही फिरतात. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकातली गाणी, लावणी, हिंदी सिनेमाची गाणी, भीमगीतं, भजनं असं सगळं एकाच जीपमध्ये एका दिवसात वाजून जाई.

कॅसेटची अडचण वेगळी होती. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. डॅशबोर्डवर विसरलेली कॅसेट दुपारपर्यंत वाकडी व्हायची. धूळ हेडवर बसून आवाज दबका व्हायचा. काकांच्या जीपमध्ये एक पेन्सिल कायम असे, लोंबलेली फीत परत गुंडाळायला.

कंपनीचा डबा

२०००च्या दशकात चित्र पालटलं. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला आयपॉड आला. पाच जीबीची जागा, हजारभर गाणी, आणि खिशात मावणारं यंत्र. आमच्याकडे आयपॉड मोजक्यांनीच पाहिला. इथे आले ते चिनी एमपीथ्री प्लेअर आणि मेमरी कार्ड घालता येणारे फोन. पण अर्थ तोच. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या पिनेपासून निघालेली साडेतीन मिलिमीटरची छोटी पिन फोनला होती, आणि गाडीच्या स्टिरिओला तिच्यासाठी भोकच नव्हतं.

नेमक्या याच वर्षांत कंपन्यांनी गाडीसोबत स्टिरिओ देणं वाढवलं. दिला तोही डॅशबोर्डच्या वळणाशी एकजीव केलेला, रेडिओ आणि सीडीचा. सीडी आमच्या रस्त्यांवर टिकत नसे. खड्ड्यात चाक गेलं की गाणं उडी मारायचं. एफएम गावाबाहेर मरायचं. म्हणजे नवीकोरी गाडी, सुंदर दिसणारा स्टिरिओ, आणि सगळी गाणी असलेला फोन खिशात मुका.

लोकांनी आधी जोडजुगाड केली. कॅसेटच्या आकाराचा एक अडॅप्टर मिळे. तो प्लेअरमध्ये सारायचा आणि त्याची वायर फोनला लावायची. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर मिळे. तो फोनमधलं गाणं अगदी क्षीण लहरीने गाडीतल्या गाडीत प्रक्षेपित करतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. हे यंत्र मुंबईत वैताग देई, कारण तिथे पट्टीभर स्टेशनं आणि त्यांचा आवाज मध्ये घुसायचा. आलापल्लीच्या पुढे ते झकास चालायचं. सगळी पट्टी रिकामी. तुमच्या गाडीतलं स्टेशन हेच त्या जंगलातलं एकमेव स्टेशन.

तरी जोडजुगाड ती जोडजुगाडच. शेवटी लोक कंपनीचा डबा काढायला दुकानात येऊ लागले.

काढायचा कसा

मी घेतलेली पहिली गाडी जुनी, दुसऱ्या हाताची होती आणि तिच्यात असाच एकजीव स्टिरिओ होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं की बाहेरून काही बसवलं तर वायरिंगची जबाबदारी आमची नाही. मी चंद्रपुरातल्या एका छोट्या दुकानात गेलो. कारागिराने स्टिरिओकडे बघून म्हटलं, “डब्बा चांगलाच आहे जी, पण आपल्या कामाचा नाही.”

त्याने सर्वात आधी बॅटरीची ऋण तार काढली. मग प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने डॅशबोर्डची चौकट उचकटली. स्क्रू ड्रायव्हर वापरला तर ओरखडे पडतात. आत चार स्क्रू. ते काढल्यावर स्टिरिओ पुढे सरकला आणि मागे तारांचा झुबका दिसला.

नव्या स्टिरिओच्या तारांचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी तार थेट बॅटरीची, कायम वीज असलेली. लाल तार चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. काळी अर्थिंगची. निळी ॲम्प्लिफायरला किंवा अँटेनाला जागं करणारी. पुढचे स्पीकर पांढरे आणि राखाडी, मागचे हिरवे आणि जांभळे. प्रत्येक रंगाची दुसरी तार काळ्या रेघेची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर स्टिरिओ चालतो, पण गाडी बंद केली की सगळं विसरतो: घड्याळ, स्टेशनं, आवाजाची पातळी. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे. त्यामुळे कारागीर रंगावर विश्वास ठेवत नाही, टेस्टर लावून बघतो.

एक गोष्ट त्याने कटाक्षाने केली. कंपनीची एकही तार कापली नाही. गाडीच्या कपलरमध्ये बसेल असा तयार कपलर आणला आणि नव्या स्टिरिओच्या तारा त्याला जोडल्या. “कापाची नाही जी. उद्या गाडी विकाल तर हाच डब्बा परत बसला पायजे.” मोकळ्या झालेल्या वेड्यावाकड्या जागेत त्याने त्या मॉडेलसाठी मिळणारी प्लास्टिकची चौकट बसवली. चौकटीच्या मधोमध तेच जुनं माप: १८० बाय ५०. नवा स्टिरिओ त्यात सरकवला, तारा जोडून बघितल्या आणि तासाभरात काम संपलं. पुढच्या बाजूला एक यूएसबीचं भोक आणि एक साडेतीन मिलिमीटरचं. या दोन भोकांसाठी एवढा खटाटोप.

टॉवर जातो, गाणं राहतं

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल आहे. उत्तरेच्या कुरखेड्यापासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत गाडीने जायचं तर दिवस जातो. या वाटेवर मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. नक्षलग्रस्त भागातले टू-जी मनोरे फोर-जी करायला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली, यावरूनच अंदाज यावा. शहरातली मुलं ऑनलाइन गाणी ऐकायला लागून तेव्हा काही वर्षं उलटली होती.

म्हणून इथे पेनड्राइव्ह राज्य करतो. चार जीबीच्या पेनड्राइव्हवर सातआठशे गाणी मावतात. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल रिचार्जच्या दुकानात संगणक असतो आणि दुकानदार पैसे घेऊन कार्डात किंवा पेनड्राइव्हमध्ये गाणी ‘भरून’ देतो. यातला मोठा भाग उघडउघड चोरीचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच दुकानांत अशी गाणीही असतात जी विकत घ्यायला दुसरं ठिकाणच नसतं: गावातल्या लग्नात फोनवर टिपलेली माडिया गाणी, रेला नाचाची गाणी, झाडीपट्टीच्या नाटकातली, स्थानिक गायकाने दोन दिवसांत मुद्रित केलेली भीमगीतं. सिरोंचाकडे तेलुगू वाढते, कारण पलीकडे गोदावरी आणि तेलंगणा.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने हीच वाट जाणूनबुजून वापरली. लोक फोनवर गोंडीत बातमी किंवा गाणं सांगत. त्याची फाइल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ब्लूटूथने फिरे. गावकरी ब्लूटूथला ‘बुलटू’ म्हणत, म्हणून त्याचं नाव पडलं बुलटू रेडिओ. मनोरा नसला तरी चालणारा रेडिओ.

गाडीतले स्टिरिओ मात्र या भाषांसाठी बनलेले नव्हते. स्वस्त स्टिरिओच्या पडद्याला देवनागरी वाचता येत नाही. गाण्याचं नाव मराठीत असेल तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. मग ड्रायव्हर लोक फायलींना नुसते आकडे देतात: ००१, ००२. कुठल्या आकड्यावर काय आहे ते त्यांना पाठ असतं. भामरागडच्या रस्त्यावर एका ड्रायव्हरला मी विचारलं, फोनच का लावत नाही? तो म्हणाला, “टॉवर जाते, पेनड्राइव्ह नाही जात.” तो पुढे १४७ वर गेला, ते गोंडी गाणं होतं. मागे बसलेल्या दोन मुली गाऊ लागल्या.

खण बुजतो आहे

२०१४ मध्ये ॲपलने आणि पुढच्या वर्षी गूगलने गाडीच्या पडद्यावर फोन दाखवायची व्यवस्था आणली. आता नव्या गाड्यांत मोठा टचस्क्रीन येतो. त्यातच मागचा कॅमेरा, त्यातच एसीची बटणं, गाडीच्या सेटिंग त्यातच. तो काढायचा म्हणजे गाडीचा अर्धा मेंदू काढायचा. १८० बाय ५० चा खण तिथे उरलेला नाही. काही गाड्यांत यूएसबीचं भोक फक्त चार्जिंगपुरतं असतं, गाणं त्यातून वाजत नाही.

सोय वाढली हे खरंच. ब्लूटूथला नेटवर्क लागत नाही आणि फोनमध्ये गाणी साठवलेली असतील तर जंगलातही वाजतात. पण फोनवरची गाणी आता फायली राहिलेली नाहीत. ती ॲपमध्ये असतात, महिन्याच्या पैशांवर किंवा जाहिरातींवर चालतात आणि ॲपच्या यादीत नसलेलं गाणं बहुतेकांपुरतं जणू नसतंच. लग्नात टिपलेलं माडिया गाणं त्या यादीत कोण टाकणार? रेडिओच्या काळात काय वाजेल ते नागपूरला ठरत होतं. कॅसेटपासून पेनड्राइव्हपर्यंत ते गाडीत ठरू लागलं. आता ते पुन्हा दूर कुठेतरी ठरायला लागलं आहे, आणि ते बदलायला स्क्रू काढून उपयोग नाही.

जुन्या गाड्या आणि काळी-पिवळी अजून धावतात, तोवर खण आहे. तुम्ही स्टिरिओ बदलणार असाल तर कंपनीचा काढलेला डबा भंगारात देऊ नका आणि तार कापू देऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं: पुढच्या वेळी गडचिरोलीच्या रस्त्यावर अशा गाडीत बसलात तर ड्रायव्हरला त्याच्या पेनड्राइव्हवर काय काय आहे ते विचारा. त्याची हरकत नसेल तर गावाकडची चार गाणी आपल्या फोनवर उतरवून घ्या आणि कोणी गायलं, कुठल्या गावचं, हे फाइलच्या नावात लिहून ठेवा. त्याच्या पडद्यावर तिथे चौकोन दिसत होते, तुमच्या फोनवर ती अक्षरं नीट दिसतील.